काम नकोसे झाले आहे की कामाची पद्धत?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. लेखा विभागात अकरा वर्षे काढल्यावर आता त्या कामात मन रमत नाही, मनुष्यबळ विभागाकडे वळण्यासाठी आपण सायंकाळच्या पदविका अभ्यासक्रमाला प्रवेशही घेतला आहे, आणि एका ऑनलाइन चाचणीत आपला कल ‘सामाजिक’ निघाल्यामुळे नोकरीचा राजीनामा द्यावा का, असे आपण विचारले आहे.

आपण दिलेल्या वर्णनावरून ही चाचणी जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेल्या व्यवसायनिवडीच्या सिद्धांतावर बेतलेली दिसते. तिचा उपयोग आहे. पण ती आवड मोजते, कौशल्य नव्हे. माणसांत वावरायला आवडणे वेगळे आणि बढती नाकारली गेल्याचे एखाद्या सहकाऱ्याला समोर बसवून सांगता येणे वेगळे.

कौशल्याचा पुरावा आपल्याच पत्रात आहे, मात्र आपण तो तक्रारीच्या सुरात लिहिला आहे. प्रवासखर्चाची बिले परत आली की विक्री विभागातील मंडळी नियमावली न उघडता थेट आपल्या टेबलाशी येतात आणि आपला अर्धा तास जातो, असे आपण म्हणता. चिडून आलेल्या माणसाला रूक्ष नियम समजावून शांतपणे परत पाठवणे सर्वांना साधत नाही. गेल्या वर्षभरातील असे प्रसंग आठवून काय घडले, आपण नेमके काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे लिहून काढावे. ‘संवादकौशल्य उत्तम’ यासारखी बायोडेटातील वाक्ये येथे कामाची नाहीत. मग प्रत्येक प्रसंगापुढे ते काम पुन्हा करायला आवडेल का, याची प्रामाणिक नोंद करावी. जे उत्तम जमते पण नकोसे झाले आहे, त्याबाबत विशेष सावध राहावे, कारण लेखा विभागातून आलेल्या व्यक्तीकडे नव्या विभागातही आधी वेतनाचे हिशेबच सोपवले जाण्याची शक्यता मोठी असते.

मूल्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण विचारले असता आपण सगळेच आव्हान, स्वातंत्र्य, समाजोपयोगी काम अशी शोभिवंत उत्तरे देतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांनी ‘करिअर अँकर’ (अँकर म्हणजे जहाजाचा नांगर) ही कल्पना मांडली, तिचा रोख असा की निवड करण्याची वेळ आली तरी माणूस जे सोडायला तयार होत नाही, तेच त्याचे खरे मूल्य. आपल्याला आव्हान हवे आहे, असे आपण लिहिता; परंतु दोन वर्षांपूर्वी महिनाअखेरीची जागरणे वाढतील म्हणून आपण बढती नाकारली होती. त्यात गैर काहीच नाही. मात्र आपला नांगर स्वतःच्या वेळेत रुतलेला असेल, तर कंटाळा हिशेबाचा आहे की महिनाअखेरीचा, हे आधी तपासावे लागेल. दुसरे कारण खरे असेल, तर लेखा क्षेत्रातच अंतर्गत लेखापरीक्षणासारखे वेगळ्या वेळापत्रकाचे काम पाहता येईल.

राजीनामा तूर्त देऊ नये. अभ्यासक्रमाचे चालू सत्र पूर्ण करावे आणि नव्याने रुजू होणाऱ्यांना खर्चाचे नियम समजावण्याचे सत्र घेण्याची तयारी आपल्या मनुष्यबळ विभागाकडे दाखवावी. तेथील एखाद्या सहकाऱ्याला कामातील कोणता भाग सर्वांत नकोसा वाटतो, हेही विचारावे. दोन-तीन सत्रे घेऊन झाल्यावर प्रसंगांच्या नोंदींसह पुन्हा लिहावे; पगारात किती घट सोसता येईल, याचा हिशेब तेव्हा मांडू.

आपला,
करिअर समुपदेशक