रात्रपाळीच्या गार्डची ऑफर घ्यावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं : मिस्टर फौजेत स्टोअरकीपर होते, 17 वर्षं सेवा, बायपोलरमुळे (मन कधी अति चढतं, कधी अति खचतं असा आजार) मेडिकल बोर्डाने पेन्शनवर घरी पाठवलं, त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे. नागपुरात रात्रपाळीचा गार्ड म्हणून लागले आणि तीन आठवड्यांत झोप उडून नोकरी सुटली. आता दुसऱ्या एजन्सीची तशीच ऑफर आहे.

नका घेऊ. माजी सैनिक म्हटला की एजन्सीवाल्यांना गार्डच दिसतो, पण बायपोलरमध्ये झोपेची वेळ मोडली की उन्माद उसळतो. पाळी फिरती असेल तर आणखी वाईट. गनमॅनचं काम तर कितीही पगार असला तरी नको. वाईट दिवसात हाताशी बंदूक नसणं हाच मोठा बचाव आहे.

दिवसाचं, पण उन्हातलं कामही चालणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. घामाने अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. हाताची थरथर वाढली, जुलाब लागले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि रक्तातली लिथियमची लेव्हल तपासा. नेहमीच्या तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं. अंगदुखीला मनाने आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यानेही लेव्हल वाढते. मीठही एकदम बंद करायचं नाही.

त्यांच्या हातात स्टोअरचं काम आहे, तेच विका. बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसी, मिहान इथल्या गोदामांत जनरल शिफ्टचा स्टोअर असिस्टंट लागतो. बायोडाटात नुसतं 'हवालदार, 17 वर्षं सेवा' लिहिलं तर एचआरला काही कळत नाही. किती प्रकारचा माल सांभाळला, लेजर कसं ठेवलं, स्टॉक टेकिंगमध्ये तफावत किती निघायची, कॉम्प्युटरवर काय केलं, हे लिहा. एक्सेल कच्चं असेल तर आधी दोन महिने तेच.

पहिलं काम मात्र डॉक्टरांकडे. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) मानसोपचारतज्ज्ञांकडून पत्र मागा : 'दिवसपाळीच्या कामास योग्य, रात्रपाळी टाळावी.' त्यात निदान असायलाच हवं असं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. मुलाखतीत विचारलं तर, 'प्रकृतीच्या कारणाने सेवेतून बाहेर आलो, आता दिवसपाळीत पूर्ण काम करू शकतो,' एवढं पुरे. पण फॉर्मवर आजाराबद्दल थेट लेखी विचारलं असेल तर खोटं लिहू नका, पुढे त्याच कागदावरून काढतात.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोकरीसाठी नाव नोंदवा. केंद्राच्या गट क पदांत माजी सैनिकांना 10 टक्के जागा आहेत, आणि वय मोजताना सेवेची वर्षं वजा करून वर 3 वर्षांची सूट मिळते. म्हणजे आज 38 वय असेल तर 17 जाऊन 21 धरतात, आणि पदाच्या कमाल वयात ती 3 वर्षांची सूट वेगळी.

यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ही वेगळी गोष्ट. 2016 च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरला आहे, पण आरक्षणासाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं आणि फौजी बोर्डाचे टक्के इथे आपोआप धरत नाहीत. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना 0 ते 4 गुण देतात (त्रास जास्त तर गुण जास्त), शिवाय आजार किती वर्षांचा तेही धरतात. फौजी माणूस सवयीने 'सब ठीक है साब' म्हणतो आणि गुण कमी पडतात. तुम्ही सोबत बसा, वाईट दिवसांत आंघोळ, जेवण, पैशाचा व्यवहार कसा होतो ते सांगा.

नोकरी धरली म्हणून अपंगत्व पेन्शन बंद होत नाही, ती भीती सोडा. काम लागल्यावर सकाळी गुंगी येते म्हणून परस्पर गोळी बंद करतात, तिथे घात होतो. बंद केल्यावर काही आठवडे बरंच वाटतं आणि माणूस फसतो. वेळ किंवा डोस डॉक्टरच बदलतील. महिन्यातून एक अर्धा दिवस ओपीडीसाठी लागेल, हे रुजू होतानाच सांगून ठेवा. दोन रात्री सलग झोप चार तासांच्या खाली गेली तर तिसऱ्या रात्रीची वाट पाहू नका, दवाखान्यात न्या. अडीअडचणीला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर रात्रीही लागतो.