कौलारू घराच्या माळ्यावर खोली: उंची कुठून कुठे मोजावी?

प्रश्न : शहापूर भागात आमचे वडिलोपार्जित कौलारू घर आहे. खालची जागा आता पुरत नाही, म्हणून माळ्यावर मुलासाठी एक खोली करावी आणि उजेडासाठी मागच्या पाख्यातून उभी खिडकी बाहेर काढावी, असा विचार आहे. इंग्लंडमध्ये असलेल्या माझ्या धाकट्या भावाने आपल्या घरावर अशीच डॉर्मर खोली नियोजन विभागाकडे अर्ज न करता बांधली. आमचा गवंडी म्हणतो की आढ्याच्या वर काही गेले नाही तर इथेही परवानगी लागत नाही. हे खरे आहे का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : गवंडी जे सांगतो ते इंग्लंडपुरते बरेचसे खरे आहे, बेळगावला ते लागू पडत नाही.

इंग्लंडमध्ये २०१५ च्या एका सरकारी आदेशाने घरमालकांना काही ठरावीक कामांची परवानगी आधीच देऊन ठेवलेली आहे आणि त्यात छपरातील वाढीव बांधकामही येते. मात्र हे बांधकाम सध्याच्या छपराच्या सर्वांत उंच भागाच्या वर जाता कामा नये, रस्त्याकडे तोंड असलेल्या दर्शनी पाख्याच्या बाहेर येता कामा नये, आणि ओळीने जोडलेल्या घरांपैकी एखादे घर असेल तर ४० घनमीटर, अन्य घरांना ५० घनमीटर एवढीच भर छपरात घालता येते. पूर्वीच्या मालकाने काही वाढवले असेल तर तेही याच हिशेबात धरतात. मागच्या बाजूची डॉर्मरसुद्धा वळचणीपासून, उतारावर मोजून, शक्य असेल तेथे किमान २० सेंटिमीटर आत ठेवावी लागते. सदनिकांना ही सवलत नाही, वारसा म्हणून जपलेल्या वस्त्यांतही नाही. शिवाय नियोजनाचा अर्ज टळला तरी जिना, आगीपासून बचाव आणि मजबुती यांबाबत बांधकाम नियमांखालील मंजुरी घ्यावीच लागते. आपल्या बंधूंनी ती घेतली असणारच. फोनवर सांगण्याइतकी ती महत्त्वाची वाटली नसावी, इतकेच.

आपल्याकडे मूळ प्रश्न आढ्याचा नसून खोलीच्या आतल्या उंचीचा आहे. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) माळा आणि राहती खोली यांत स्पष्ट फरक करते. माळा म्हणजे केवळ सामान ठेवण्याची जागा आणि त्याची उंची जास्तीत जास्त १.५ मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट. माणसांनी राहायची खोली मात्र किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट उंच हवी. छप्पर उतरते असेल तर ही नऊ फुटांची उंची सरासरीने धरतात, पण वळचणीपाशीही २.४ मीटर, म्हणजे सुमारे पावणेआठ फूट मोकळी उंची राहिली पाहिजे. ही संहिता नमुन्यादाखल आहे. प्रत्यक्ष बंधनकारक असतात ते महापालिकेचे बांधकाम नियम आणि शहराच्या बृहत् आराखड्यातील तरतुदी. त्यामुळे आपल्या भागाला लागू असलेले आकडे नगररचना विभागातून लेखी घ्यावेत. तरीही घर या कसोटीवर कुठे बसते, हे आपण घरच्या घरी टेपने मोजून पाहू शकता.

समजा, माळ्याच्या फळ्यांपासून बाजूची भिंत दोन फूट वर येते, आढे साडेनऊ फुटांवर आहे आणि माळा सोळा फूट रुंद आहे. येथे सरासरी उंची पावणेसहा फूट भरते. सहा फूट उंचीचा माणूस फक्त मधल्या सुमारे साडेसात फुटांच्या पट्ट्यात ताठ उभा राहू शकेल. बाकी सगळीकडे त्याचे डोके वाशाला लागेल. एका पाख्यातून खिडकी बाहेर काढल्याने तेवढ्या भागात उंची मिळते, उजेड आणि वाराही येतो, पण समोरच्या पाख्याखालची वळचण दोन फुटांचीच राहते. नियमात बसायचे तर दोन्हीकडच्या भिंती सुमारे सहा फूट वर उचलाव्या लागतील. मग ती माळ्यावरची खोली राहत नाही. तो सरळसरळ दुसरा मजला होतो, त्याचे क्षेत्रफळ चटई निर्देशांकात, म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येते त्या मर्यादेत, धरले जाते आणि नकाशाही तसाच काढून मंजूर करून घ्यावा लागतो.

इमारतीची एकूण उंची मोजण्याची पद्धतही पाहून ठेवावी. संहितेनुसार उतरत्या छपराच्या घराची उंची भोवतालच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून, बाहेरची भिंत छपराला जिथे मिळते तिथपर्यंत मोजतात. घराची त्रिकोणी भिंत रस्त्याकडे असेल तर वळचण आणि आढे यांच्या मध्यापर्यंत. म्हणजे आढे जागच्या जागी ठेवूनही भिंत उचलली की कागदावरची उंची वाढते. ‘आढ्याच्या वर गेलो नाही’ हे उत्तर म्हणूनच तपासणीत टिकत नाही.

फुटकी कौले बदलणे किंवा त्याच उंचीवर छप्पर नव्याने शाकारणे, एवढ्यासाठी संहिता परवानगी मागत नाही. पाखे फोडून खिडकी बाहेर काढणे हे त्यात बसत नाही. परवानगी न घेता केलेले बांधकाम पाडण्याचा आदेश देण्याचा अधिकार कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ च्या कलम ३२१ खाली आयुक्तांना आहे. अर्जासोबत सीटीएस (नगर भूमापन) उतारा लागेल, आणि शेजारच्या घराशी भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्यांची लेखी संमती आधीच घेतलेली बरी. दगडमातीच्या जुन्या भिंतींवर सहा फूट नवे बांधकाम चढवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवावे. गवंड्याचा अंदाज येथे पुरेसा नाही. अर्ज कन्नडमध्ये असला, तरी नकाशावरील मापे कोणालाही वाचता येतात. सही करण्याआधी ती तरी स्वतः ताडून पाहावीत.

माझा सल्ला विचाराल तर माळा सामानासाठीच ठेवा, छपरात चार काचेची कौले बसवा आणि खोली मागच्या अंगणात शक्य असेल तर तिकडे काढा. बेळगावच्या पावसात डॉर्मरच्या दोन्ही कुशींना, जिथे नवे पाखे जुन्या पाख्याला मिळते तिथे, पत्र्याची पन्हळ चुकली की गळती ठरलेली.

प्रश्न : आमचे घर किल्ल्यातील कमल बस्तीपासून फार लांब नाही. छपराची उंची थोडी वाढवायची असेल तर वेगळी परवानगी लागते का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : कमल बस्ती हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. तेथे जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा परवानगी घेऊनच करावी लागते. त्यापुढच्या २०० मीटरांत बांधकाम करता येते, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीने ना-हरकत मिळाल्यावरच. तेथील उंचीचा हिशेब वर सांगितल्यापेक्षा कडक असतो, कारण जिन्याची खोली, कठडा आणि पाण्याची टाकी यांसह एकूण उंची धरली जाते. अंतर नेहमीच्या वाटेने मोजू नये. ते संरक्षित हद्दीपासून सरळ रेषेत धरतात. आपले घर छावणीच्या हद्दीत येत असेल तर बांधकामाचा अर्ज महापालिकेऐवजी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे करावा लागेल, आणि स्मारकाबाबतची ना-हरकत त्याशिवाय वेगळी.