घरच्या ड्रोनची मिनिटं वाढवायचीयेत? आधी वजनकाटा आणि वॉटमीटर आणा

प्रश्न : सर, मी मिरजेत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एफ४५० फ्रेमवर क्वाडकॉप्टर, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन, बनवलंय, २२१२ च्या ९२० केव्ही मोटर्स (केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे), १०४५ म्हणजे १० इंची प्रॉप (पंखे), ३० अँपिअरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं) आणि ३एस, म्हणजे तीन सेल एकापुढे एक जोडलेली, २२०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी). उडतंय झकास पण ९ मिनिटांत बझर बोंबलायला लागतो. मला निदान २० मिनिटं हवीत. मित्र म्हणतो ५००० च्या दोन बॅटऱ्या पॅरलल लाव, काम फत्ते. लावू का?

उत्तर : दोन नको, एकच लाव, आणि का ते नीट समजून घे कारण पुढचा सगळा खेळ यावरच आहे. क्वाडचं वजन दुप्पट झालं की होव्हरला, म्हणजे एका जागी तरंगायला, लागणारी पॉवर दुप्पट नाही, जवळपास २.८ पट होते, प्रॉप तेच ठेवले तर. तुझं क्वाड बॅटरीसकट साधारण १२०० ग्रॅमचं असणार आणि एका जागी तरंगायला ते १२५ वॉटच्या आसपास खात असणार. बॅटरीत ११.१ व्होल्ट गुणिले २.२ अँपिअर-अवर म्हणजे २४ वॉट-अवर, लायपो ८० टक्क्यांपुढे पिळायची नाही म्हणून हाताशी राहतात साडेएकोणीस, आता भागाकार कर, बरोब्बर तुझी ९ मिनिटं येतात.

आता ५००० ची एक बॅटरी धर. २०० ग्रॅम वाढले, होव्हर १५५ वॉटवर गेला, पण वापरायला ४४ वॉट-अवर मिळाले, म्हणजे १७ मिनिटं. मस्तच. दुसरी लावलीस की वजन पावणेदोन किलोच्या वर, होव्हर सव्वादोनशे वॉट, आणि कागदावर येतात २३ मिनिटं. म्हणजे दुसऱ्या बॅटरीचे सगळे पैसे देऊन मिळाली फक्त ६, आणि प्रत्यक्षात तीही पूर्ण मिळणार नाहीत, कारण जास्त थ्रॉटलवर (मोटरला दिलेल्या जोरावर) या मोटर्स गरम होतात आणि प्रत्येक वॉटमागे कमी उचलतात. शिवाय तुझ्या चारही मोटर्स मिळून फुल थ्रॉटलला तीन-सव्वातीन किलोच उचलतील, वजनाच्या दुप्पट ताकदसुद्धा हाताशी नाही, वाऱ्याचा एक झोत आला की क्वाड सावरायचं कशाने? २०२१ च्या ड्रोन नियमांत २ किलोपर्यंतचा ड्रोन मायक्रो गटात येतो, ती हद्दही मग फार लांब राहत नाही.

१७ वरून २० ला जायचा रस्ता वजन कमी करण्यात आहे. उंच लँडिंग गिअर काढ, कॅमेरा लावत नसशील तर त्याचा माउंट काढ, ईएससीच्या गुंडाळून झिपटायने बांधलेल्या लांब वायरी कापून मापात आण. १०० ग्रॅम गेले की दीड-दोन मिनिटं पदरात. प्रॉप बॅलन्स कर, हे अगदी स्वस्तातलं काम आहे आणि पोरं नेमकं हेच टाळतात. आणि एकाच जागी लटकवत ठेवू नकोस, हळूहळू पुढे चालव, साधारण सायकलच्या वेगाने, तेव्हा प्रॉपला सतत ताजी, न ढवळलेली हवा मिळते आणि होव्हरपेक्षा कमी पॉवर लागते.

मोठ्या प्रॉपचा मोह होईल. तत्त्व खरंच आहे, जास्त हवा हळू ढकलणं नेहमी स्वस्त पडतं. पण ९२० केव्हीवर ११-१२ इंची प्रॉप चढवलास तर मोटर तापेल. मोठा प्रॉप हवा असेल तर कमी केव्हीची मोटर आणि ४एस असा अख्खा संच बदलावा लागतो, तो खर्च पुढच्या क्वाडला कर.

प्रश्न : मी नाशिकची. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) काढून ३एस ३पी पॅक (तीन-तीन सेल पॅरलल, असे तीन गट एकापुढे एक) केला तर माझ्या एफ४५० ला चालेल का? लायपोपेक्षा लिथियम-आयन हलकी असते असं वाचलंय.

उत्तर : तेवढीच ऊर्जा धरली तर वाचलंय ते खरंय, पण ताई, लॅपटॉपचे सेल नको. ते हळूहळू करंट द्यायला बनवलेले असतात, वर वय झालेलं. होव्हरला १५ अँपिअर कसेबसे देतील आणि थ्रॉटल जोरात दिला की व्होल्टेज बसेल, हवेतच. त्यासाठी जास्त करंट देणारे २१७०० सेल (२१ मिमी जाड, ७० मिमी लांब) घ्या, उदाहरणार्थ मोलिसेलचा पी४२ए, ४२०० एमएएच, ७० ग्रॅम, ४५ अँपिअरपर्यंत झेपतो. सहा सेलचा ३एस २पी पॅक वायरीसकट ४५० ग्रॅमच्या आसपास बसतो आणि ९० वॉट-अवर देतो, तर ५००० ची लायपो ३८० ग्रॅममध्ये ५५ च देते. वर मिरजेच्या मित्राला मांडलेलं गणित याला लावा, २५ मिनिटं येतात. सध्या घरच्या क्वाडला याहून चांगला बदल माझ्या मते नाही.

दोन गोष्टी मात्र सोडू नका. सेलवर थेट सोल्डरिंग नाही, निकेल पट्टी आणि स्पॉट वेल्डिंगच. आणि फ्लाइट कंट्रोलरमधली (क्वाडच्या मेंदूतली) लो-बॅटरीची सेटिंग बदला, लायपोला सेलमागे साडेतीन व्होल्टला आपण उतरतो, लिथियम-आयन लोडखाली ३ व्होल्टपर्यंत आरामात जाते, जुनंच सेटिंग ठेवलंत तर बरीच बॅटरी शिल्लक असताना क्वाड घरी परत येईल. सेल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, वजन करूनच घ्या. ९९०० एमएएच छापलेला १८६५० सेल खोटाच असतो, आणि खरा १८६५० सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, फार हलका लागला तर परत द्या.

प्रश्न : वाईला १५ मिनिटं उडणारं क्वाड पाचगणीला आमच्या मामांच्या शेतावर १३ मिनिटांतच उतरतं. बॅटरी गेली का?

उत्तर : बॅटरी बहुतेक ठीक आहे. पाचगणी समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास, वाई त्याहून बरीच खाली, आणि वर हवा विरळ म्हणून तेवढंच वजन उचलायला प्रॉप जास्त फिरवावे लागतात. पण यातून मिनिटभरसुद्धा जात नाही. उरलेला वेळ वारा आणि सकाळचा गारठा खातो, थंड लायपो लवकर व्होल्टेज सोडते. उडवायच्या आधी बॅटरी जॅकेटच्या आत ठेवून कोमट करा आणि तिकडे ट्रान्समीटरचा टायमर ११ मिनिटांवर लावा. वाईला परत येऊनही १३ च मिळाली, तर मात्र प्रत्येक सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स (आतला विद्युत रोध) चार्जरवर तपासा.