‘उत्परिवर्तन’ म्हणजे विकृती का?

प्रश्न असा आहे: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची माहिती देणारं पत्रक गावोगावी वाटायचं आहे. त्यात ‘जनुकीय उत्परिवर्तन’ हा शब्द जड वाटतो. त्याऐवजी ‘जनुकातील विकृती’ किंवा ‘जनुकीय बिघाड’ लिहिलं तर चालेल का? आणि पुस्तकांत ‘हितकारक उत्परिवर्तन’ असाही प्रयोग आढळतो, तर बिघाड हितकारक कसा असू शकेल?

दुसऱ्या शंकेतच पहिलीचं उत्तर आहे. बिघाड हितकारक असू शकत नाही, उत्परिवर्तन असू शकतं. म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. उत्परिवर्तन म्हणजे डीएनएच्या मजकुरात झालेला आणि पुढच्या पेशींत उतरणारा बदल. तो चांगला की वाईट, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. ‘उत्’ आणि ‘परि’ हे उपसर्ग आणि ‘वर्तन’; ‘उत्क्रांती’तही हाच ‘उत्’ आहे. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांनी 1901 पासून म्यूटेशन, म्हणजेच उत्परिवर्तन, हा शब्द जीवशास्त्रात रूढ केला, तोही एका रानफुलाच्या रोपांत अचानक दिसलेल्या नव्या रूपांसाठी. रोगाशी त्याचा मूळ संबंध नव्हता.

‘विकृती’ची गोष्ट वेगळी. संस्कृतात हा शब्द बराच निर्मळ होता. सांख्य तत्त्वज्ञांची प्रकृती-विकृती घ्या, किंवा वेदपठणातल्या जटा, माला, घन वगैरे अष्टविकृती घ्या. तिथे विकृती म्हणजे मूळ रूपापासून निघालेलं दुसरं रूप, इतकंच. पण आजच्या मराठीत ‘विकृत’ म्हटलं की काय मनात येतं ते सांगायला नको. पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या रक्ताबद्दल छापील कागदावर ‘विकृती’ वाचायला लावणं मला अजिबात मान्य नाही. लग्नाच्या बोलण्यांत असा एक शब्द घराचं नुकसान करून जातो. तिथे व्युत्पत्ती कुणी पाहत नाही.

आता सिकलसेलचंच उदाहरण नीट पाहू, कारण या शब्दाचे सगळे पदर त्यात आहेत. हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी 146 अमिनो आम्लांची. तिच्या सहाव्या जागेसाठी डीएनएमध्ये जीएजी अशी तीन अक्षरं असतात. मधल्या ए-च्या जागी टी आलं की जीटीजी होतं, आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बदल एवढाच. पण ऑक्सिजन कमी पडला की अशा हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून त्या असह्य वेदना; त्या लवकर फुटतात, म्हणून रक्तक्षय. साखळीत नेमकं काय बदललं ते व्हर्नन इनग्राम यांनी 1950 च्या दशकात दाखवलं.

हे झालं दोन्ही जनुकं, म्हणजे आईकडून आलेलं आणि वडिलांकडून आलेलं, बदललेली असतील तर. एकच बदललेलं असेल, तर ती व्यक्ती वाहक. तिला सहसा त्रास नसतो. उलट फॅल्सिपेरम मलेरियाच्या जीवघेण्या स्वरूपापासून तिला बरंच संरक्षण मिळतं. अँथनी अॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे मांडलं. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यांत सिकलसेलचे वाहक जास्त का, याचं उत्तरही याच दिशेला आहे: जिथे पिढ्यानपिढ्या मलेरियाने मुलं दगावली, तिथे वाहक मुलं जास्त जगली. मग हे उत्परिवर्तन हितकारक की अपायकारक? वाहकाला मलेरियाच्या प्रदेशात हितकारक, दोन्ही प्रती बदललेल्या बाळाला अपायकारक, आणि जिथे मलेरियाच नाही अशा शहरात राहणाऱ्या वाहकाला त्याचा फारसा उपयोगही नाही. अक्षर एकच, तीन माणसं, तीन उत्तरं. म्हणून ‘हितकारक’ हे विशेषण एकटं लिहू नये. कुणाला आणि कुठे, हे शेजारी आलं पाहिजे.

शेतीतलं उदाहरण द्यायचा मोह होतो आहे. थॉम्पसन सीडलेस द्राक्षाला बी नसते. खरं तर बी धरतं, पण एका जनुकातल्या बदलामुळे त्याची वाढ अर्ध्यातच थांबते. रानातल्या वेलीच्या दृष्टीने हा निर्वंशच. बी नाही तर पुढची पिढी कशी येणार? पण माणसाने कलमं लावून तीच वेल वाढवली आणि तासगाव-सांगलीचा बेदाणा त्यावर उभा राहिला. त्या थॉम्पसनमध्येच आणखी वेगळेपण दिसलेल्या वेली आपल्या बागायतदारांनी हेरल्या, त्यांची कलमं करून वाढवल्या, आणि तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे वाण मिळाले. सोनाकाचा लांबट मणी थॉम्पसनच्या मण्याशेजारी ठेवून पाहा, फरक बोटांना कळतो. ‘विकृत द्राक्षं’ असं कुणी म्हणेल का?

हितकारक आणि अपायकारक यांखेरीज तिसरा प्रकार सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा. प्रत्येक मूल आई-वडिलांत नसलेले साधारण 60 ते 70 नवे अक्षरबदल घेऊन जन्माला येतं. तुम्ही, मी, सगळेच. त्यातल्या बहुतेकांनी काहीही बिघडत नाही. वरच्या जीएजीचं जीएए झालं असतं, तरी ग्लुटामिक आम्लच बसलं असतं. मोटू किमुरा यांनी 1968 मध्ये मांडलं की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक टिकलेले बदल असेच असतात. त्यांना मराठीत काय म्हणायचं? ‘उदासीन’ हा शब्द रसायनशास्त्रातून आला आहे, पण बोलण्यात उदासीन म्हणजे मन लागत नसलेला, म्हणून तो मला पटत नाही. ‘परिणामशून्य’ सोपा आहे, पण अचूक नाही: बदलाने एखादा गुण जरा वेगळा दिसेल, पण जगण्या-वाढण्यात त्याने फरक पडणार नाही, तेव्हाही तो याच वर्गात येतो. माझं मत ‘तटस्थ’ला. तटावर उभा आहे, ना इकडचा ना तिकडचा.

एका अक्षराची बात निघाली की ‘ध चा मा’ आठवतोच. नारायणराव पेशव्यांच्या 1773 च्या खुनाच्या कथेत ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं. विज्ञानावर लिहिताना हा दाखला पुष्कळ जण देतात, आणि अक्षराच्या ताकदीपुरता तो चपखल आहे. पण ‘ध चा मा’ केला जातो, त्यामागे हेतू असतो; उत्परिवर्तन मात्र आपोआप होतं. इथे क्रियापदाला महत्त्व आहे. ‘विषाणूने लसीला चकवण्यासाठी उत्परिवर्तन केलं’ हे वाक्य करोनाच्या साथीच्या काळात सर्रास छापून आलं. ते चूक आहे. विषाणूची नक्कल होताना चुका होतात. त्यांतली एखादी नेमकी उपयोगी पडली, तर तो विषाणू फोफावतो. गरज पाहून बदल होत नाही, हे लुरिया आणि डेलब्र्युक यांनी 1943 मध्येच जिवाणूंवरच्या प्रयोगातून दाखवून दिलं. तेव्हा ‘विषाणूत उत्परिवर्तन झालं’ किंवा ‘घडलं’ असं लिहावं. तसंच, मार्च 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांवरून गाजलेल्या ‘डबल म्युटंट’चं ‘दुहेरी उत्परिवर्तन’ करताना गल्लत झाली: उत्परिवर्तन हा बदल, उत्परिवर्तित हा बदललेला जीव, आणि अशा बदलांचा संच घेऊन फिरणारा तो उपप्रकार. त्या उपप्रकारात बदल दोनच नव्हते, डझनाहून अधिक होते. दोनांकडे लक्ष गेलं इतकंच.

मग सोपा शब्द कोणता? ‘फेरफार’ सुचवला जातो, आणि त्याला आधारही आहे. सातबाऱ्यावर वारसाची किंवा खरेदीची नोंद चढते तिला आपण फेरफार म्हणतो, आणि महसूल खात्याच्या इंग्रजीत तिला म्यूटेशनच म्हणतात. गाव नमुना सहा ही फेरफारांचीच वही. तिथे या शब्दाला कसलाही डाग नाही: नाव बदललं, नोंद झाली. पण कचेरीबाहेर ‘कागदपत्रांत फेरफार’ म्हटलं की लबाडीच डोळ्यांसमोर येते. शिवाय प्रयोगशाळेत मुद्दाम केलेल्या बदलासाठी ‘जनुकीय फेरफार’ आता रुळला आहे. मुद्दाम केलेलं आणि आपोआप झालेलं, ही दोन्ही एका शब्दात कोंबू नयेत.

पत्रकासाठी साधा ‘बदल’ पुरेसा आहे. ‘रक्ताच्या जनुकात एक छोटा बदल असतो. तो आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर ती व्यक्ती वाहक असते, आजारी नसते.’ पहिल्या उल्लेखानंतर हवं तर ‘याला शास्त्रात उत्परिवर्तन म्हणतात’ एवढं जोडा, म्हणजे मूल पुढे वर्गात तो शब्द ऐकेल तेव्हा घाबरणार नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता 25 टक्के, हे आकड्यातच लिहा. ‘दर चार मुलांत एक’ लिहिलं की पहिलं बाळ आजारी झाल्यावर पुढची तीन सुटली असं लोक समजतात. आणि शब्द ‘आनुवंशिक’ आहे, ‘अनुवांशिक’ नव्हे. छपाईला देण्याआधी तेवढं तपासून घ्या.