व्हायरॉलॉजी की कॅन्सर रिसर्च? आधी कोंबडीचं ऐक

अगं, तुझं पत्र वाचलं. बारावीच्या पुस्तकात एकच ओळ, कॅन्सर करू शकणारे जीन्स आपल्या नॉर्मल पेशीत आधीपासूनच असतात, आणि तिथेच तू अडकलीस, मग व्हायरॉलॉजी (व्हायरसचा अभ्यास) करू की कॅन्सर, आणि बाबा म्हणतायत गपचूप मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दे.

हा शोध लागला कसा ते बघ म्हणजे तुझा प्रश्न जरा बदलेल. 1911 मध्ये न्यूयॉर्कला पेटन राऊस या संशोधकाने कोंबडीच्या गाठीचा रस इतका बारीक गाळला की पेशी उरल्याच नाहीत, तरी तो टोचल्यावर दुसऱ्या कोंबडीला गाठ आली, म्हणजे व्हायरस. पुढे त्यात गाठ आणणारा सार्क नावाचा जीन सापडला (देशांची संघटना नव्हे गं), पण गंमत अशी की व्हायरसला स्वतःला वाढायला हा लागतच नाही, मग आला कुठून? 1976 ला सॅन फ्रान्सिस्कोत बिशप, व्हार्मस हे संशोधक आणि त्यांच्या लॅबमधला स्टेहेलिन यांनी फक्त सार्कशी जुळेल असा रेडिओअ‍ॅक्टिव्ह डीएनए बनवून निरोगी कोंबडीच्या डीएनएवर टाकला आणि तो जुळला! बदकात, एमूत पण. म्हणजे जीन मूळचा पक्ष्यांचा, व्हायरसने ढापलेला, आणि ढापताना त्याचं शेवटचं टोक, जिथून पेशी त्याला बंद ठेवते, तेच गेलं, म्हणून तो कायम चालू आणि पेशी वाढतच राहतात. पण सगळ्याच व्हायरसना हे लावू नकोस हं, गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही व्हायरसचे ई6, ई7 हे कॅन्सरचे जीन्स त्याचे स्वतःचे आहेत.

आता सांग, हे व्हायरॉलॉजी की कॅन्सर? खरं तर मॉलिक्युलर बायोलॉजी, म्हणजे पेशीतल्या डीएनए-प्रोटीनसारख्या रेणूंचा अभ्यास. त्यामुळे आजाराच्या नावावरून कोर्स निवडू नकोस.

बाबा अगदीच चूक नाहीत, बिशप-व्हार्मस दोघंही डॉक्टरच, व्हार्मस तर आधी इंग्लिश लिटरेचरमध्ये एमए. एमबीबीएसनंतरही पीएचडी करता येते. पण तुला लॅबमध्येच रमायचं असेल तर साडेपाच वर्षं वॉर्डात कशाला, माझं मत आयसरकडे, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या सरकारी संस्थांकडे. नीटसोबत आयसरची प्रवेश परीक्षा आयएटी पण दे, बायो आणि केमिस्ट्रीचा अभ्यास बराचसा तोच, मॅथ्स मात्र वेगळं करावं लागेल, ते सोडलं असशील तर आत्ताच सुरू कर. पुढे पीएचडीला पुण्यात पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस, खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहेच. आणि बाबांना पैशाचं खरं सांग, फेलोशिप मिळते पण पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी येते, हे त्यांना आजच कळू दे.