माहिती अधिकारात अर्ज केल्यामुळे धमक्या येत असतील, तर मानवाधिकार आयोगाकडे तक्रार कशी करावी?

वाळूउपशाची माहिती मागणाऱ्या तुमच्या शेजाऱ्याला धमक्या येतात, ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली, आता आयोगाकडे जावं का, असं तुम्ही विचारलंय. जावं. पण अशा तक्रारी फसतात त्या एका कारणाने: त्या धमकी देणाऱ्याविरुद्ध लिहिलेल्या असतात. आयोग चौकशी करतो ती लोकसेवकाची. मानवाधिकार संरक्षण कायदा, १९९३ च्या कलम १२ मध्ये हक्कभंग रोखण्यात लोकसेवकाने केलेली हयगयही येते. म्हणून वाळूवाल्याचं नाव घटनेच्या वर्णनात असू द्या, तक्रार मात्र 'अमुक तारखेला लेखी कळवूनही पोलिसांनी काही केलं नाही' अशी हवी.

त्यासाठी लेखी कळवल्याचा पुरावा हवा. ठाण्यातली शिक्क्याची पोहोच, आणि तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने. नुसत्या तोंडी धमकीवर सहसा एनसीच होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्यात ठाणेदाराचा दोष नाही. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७४ खाली तो आदेश तुम्हीच मागा. वाट अडवली असेल, हत्यार वापरलं असेल, तर ते अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा, कारण तिथे एफआयआर घ्यावाच लागतो. समोरच्यावर चॅप्टर केस (शांतता राखण्याचं हमीपत्र घेण्याची प्रतिबंधक कारवाई) करा, असंही लेखीच मागा. धमकीचं रेकॉर्डिंग ज्या फोनवर आलं त्यातून पुसू नका.

आयोगाकडची तक्रार मराठीत चालते. फी नाही, वकील लागत नाही. घटनेपासून वर्ष उलटलं की दार बंद. निनावी नको. कलेक्टरांना दिलेल्या अर्जाची 'प्रत माहितीसाठी' पाठवली तर ती तक्रार धरत नाहीत. आयोगाच्या नावे स्वतंत्र लिहा. राज्य आयोग किंवा राष्ट्रीय, एकच निवडा: राज्याकडे प्रकरण चालू असेल तर दिल्लीवाले हात लावत नाहीत. राष्ट्रीय आयोगात मानवाधिकार रक्षकांसाठी (म्हणजे लोकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांसाठी) स्वतंत्र संपर्क अधिकारी आहे, म्हणून विषयाच्या ओळीत 'मानवाधिकार रक्षकाला धमकी' हे शब्द घाला.

आयोग शिफारस करतो, हुकूम नाही, आणि वेळही लागतो. तोवर माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट दहा रुपयांची आहे. तोच माहिती अर्ज गावातल्या आणखी पाच-सहा जणांनी, शक्यतो तालुक्याबाहेरच्याही कुणी, आपापल्या नावाने टाकावा. एकाला गप्प करून माहिती दबत नाही, हे समोरच्याला लगेच कळतं.