गावातल्या कुजबुजीचं करायचं काय? डीएमच्या शंका, ताईची उत्तरं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डीसारख्या मिळून गोष्ट रंगवायच्या खेळात ती गोष्ट चालवणारा तो डीएम, आणि प्लेअर्सच्या कॅरेक्टर्सची टोळी म्हणजे पार्टी. अशा डीएमकडून या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. मेन स्टोरी नीट चाललीये, राजा, राक्षस, शापित तलवार सगळं जागच्या जागी आहे, पण पार्टी मधल्याच एखाद्या गावात थांबली की तिथले लोक काय बोलतायत, कुठली छोटी रहस्यं दडलीयेत, ती चालवायची कशी, इथे सगळ्यांचं गाडं अडतंय. मला स्वतःला डीएम म्हणून सगळ्यात जास्त मजा याच भागात येते, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

ताई, मी बारा अफवांची यादी बनवली होती. पार्टी गावच्या सराईमध्ये पोचल्यावर मालकाच्या तोंडून सगळ्या सांगितल्या. प्लेअर्स "बरं" म्हणाले आणि झोपायला खोली मिळेल का विचारायला लागले. एकाही अफवेमागे कोणी गेलं नाही. माझं काय चुकलं?
– पहिलीच कॅम्पेन चालवणारा

अरे, बारा अफवा एकाच माणसाच्या तोंडून एका दमात आल्या तर ती यादीच वाटणार ना, त्यातली कुठली महत्त्वाची हे प्लेअरने ओळखायचं कसं? अफवा ही माहिती नसते, ती कुणीतरी कुणालातरी सांगितलेली गोष्ट असते, सांगणाऱ्याला कशाची तरी भीती असते किंवा काहीतरी हवं असतं, आणि ते काढून टाकलं की उरतं ते नुसतं वाक्य.

मी काय करते सांगते. अफवा लिहायला आधी बसतच नाही. आधी खरं काय घडलंय ते तीन ओळीत लिहिते. समज, गावातला गिरणीवाला वारला, गिरणी बंद आहे, पण रात्री पाणचक्कीचं चाक फिरतं. खरं असं की त्याचा मुलगा गुपचूप दळण दळून रानात लपलेल्या काही पळपुट्या सैनिकांना पीठ पुरवतोय, कारण त्यातला एक त्याचा सख्खा भाऊ आहे. बस, एवढंच. आता गावातून फिरायचं आणि कुणाला यातलं काय दिसलं असेल ते बघायचं. नदीकाठच्या पोरांनी अंधारात चाक फिरताना पाहिलं, त्यांच्यासाठी तो म्हाताऱ्याचा आत्मा. शेजारच्या बाईला मुलगा दिवसभर झोपलेला दिसतो, तिच्या मते बाप गेल्यापासून पोरगं खुळावलंय. कर वसूल करणाऱ्या कारकुनाला धान्याचा हिशोब लागत नाहीये, तो म्हणतो गावात चोर आहे, आणि त्याचा संशय परक्या लोकांवर आहे, म्हणजे तुमच्या पार्टीवरसुद्धा. मेंढपाळाला रानात बुटांचे ठसे दिसलेत, पण तो गप्प आहे, कारण तो स्वतः जिथे मेंढ्या चारतो तिथे चारायला बंदी आहे.

बघ, खरी गोष्ट एकच, पण चार तोंडं, चार रूपं, आणि चौघांनाही पार्टीकडून काहीतरी वेगळं हवंय. हे चौघे एका ठिकाणी भेटले पाहिजेत असंही नाही. बाई रडत येईल, कारकून धमकावेल, पोरं खेळता खेळता बोलून जातील. प्लेअरला माणूस आठवतो, माणसामुळे अफवा आठवते. आणि एका सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या एका बैठकीत, अशी एकच गोष्ट पुरते, फार तर दोन. बाकीच्या दहा फेकू नको, पुढच्या गावांना लागतील.

खोटी अफवा द्यावी की नाही? मी एकदा दिली, पार्टी अख्खं सेशन त्यामागे धावली, शेवटी काहीच नव्हतं, आणि सगळे माझ्यावर चिडले.
– एक वाचक

द्यायची, नक्की द्यायची, फक्त त्या खोट्याच्या मागे काहीतरी असलं पाहिजे. डी अँड डी १९७४ मध्ये आलं, आणि त्या दशकाच्या शेवटी गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलेल्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या अ‍ॅडव्हेंचरमध्ये वीस अफवांचा तक्ताच दिलाय, प्रत्येक प्लेअरने फासा टाकून आपल्या वाट्याची अफवा घ्यायची, आणि त्यातल्या काही चक्क खोट्या आहेत. सगळ्यात गाजलेली म्हणजे 'ब्री-यार्क' हा गॉब्लिनांच्या, म्हणजे छोट्या दुष्ट राक्षसांच्या भाषेत शरण येण्याचा शब्द आहे ही. प्रत्यक्षात ती गॉब्लिनांची आपल्या लोकांना मदतीला बोलवायची आरोळी असते! ती अफवा खरी धरणारा प्लेअर गॉब्लिन ओरडले की हत्यार खाली करणार, आणि तेवढ्यात बाकीचे गॉब्लिन धावून येणार.

आता ही खोटी अफवा का चालते, तर तो शब्द खरंच आहे, गॉब्लिन तो खरंच ओरडतात, फक्त अर्थ उलटा लागलाय. खोटेपणा कळतो तेव्हा प्लेअरला काहीतरी नवीन कळलेलं असतं. तुमच्या बाबतीत पार्टी पोचली आणि तिथे भोपळा मिळाला, म्हणून राग आला. भूत नसेल तर चालेल, पण मग 'भूत' म्हणून लोकांनी जे पाहिलं ते काय होतं हे तिथे सापडायला हवं. आणि कुणीतरी मुद्दाम वावडी उठवली असेल तर अजून छान, कारण मग कुणी आणि कशासाठी हाच पुढचा प्रश्न होतो. वरच्या उदाहरणात भुताची गोष्ट गिरणीवाल्याच्या मुलानेच पसरवली असेल तर? लोकांनी रात्री तिकडे फिरकू नये म्हणून. हे कळल्यावर पार्टी मला शिव्या देणार नाही, मुलाला गाठायला धावेल.

रहस्य मध्येच अटकतं. क्लू शोधायचा रोल (म्हणजे त्यासाठी टाकलेला फासा) फेल गेला की सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मग मीच काहीतरी सांगून टाकते आणि मजा जाते.
– वर्षभरापासून डीएम

हे अगदी प्रत्येकाचं होतं गं, आणि यावर बऱ्याच जणांनी डोकं लावलेलं आहे. अशा खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये एक नियम मांडला, की प्लेअरने जो निष्कर्ष काढावा असं तुला वाटतं त्या प्रत्येक निष्कर्षासाठी निदान तीन क्लू ठेव. एक निसटतो, एक दिसूनही कुणी मनावर घेत नाही, तिसरा तरी लागतो. रॉबिन लॉज यांची गमशू ही रहस्यं सोडवायच्या खेळांसाठीची नियमपद्धत २००६ ला आली, तिने तर मुळावरच बोट ठेवलं: ज्या क्लूशिवाय गोष्ट पुढे जाऊच शकत नाही तो रोलवर ठेवायचाच नाही, योग्य स्किल असलेलं कॅरेक्टर योग्य ठिकाणी गेलं की तो मिळालाच पाहिजे.

मी दोन्हीची सांगड घालते. गिरणीच्या दाराशी सांडलेलं ताजं पीठ हे बघणाऱ्या कुणालाही दिसणारच, त्याला रोल नाही. रोल कशाला, तर जास्तीचं काय कळलं त्याला. चांगला आला तर पिठाच्या थरात दोन वेगळ्या बुटांचे ठसे आहेत आणि त्यातला एक पाय लंगडतोय हे कळेल. फेल गेला तर पीठ ताजं आहे एवढं कळेलच, पण तेवढ्यात आत कुणालातरी चाहूल लागली. म्हणजे फेल गेल्यावरही काहीतरी घडतं, गोष्ट हलते.

आणि क्लू जागेला खिळवून ठेवू नको. माईक शे यांनी डीएमसाठी लिहिलेल्या आपल्या २०१८ च्या पुस्तकात सांगितलेली युक्ती मला फार आवडते: सेशनच्या आधी एकेका ओळीत दहा गुपितं लिहायची, पण ती कुठे आणि कुणाकडून कळतील ते लिहायचं नाही. पार्टी गिरणीत गेलीच नाही, देवळात गेली? मग भावाबद्दलची गोष्ट पुजारी सांगेल, त्याच्याकडे आईने नवस बोललेला असेल. न वापरलेली गुपितं पुढच्या आठवड्यात परत वापर किंवा सोडून दे.

आमच्या पार्टीत क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने स्पेल (मंत्र) टाकणारं कॅरेक्टर आहे. समोरच्याला खोटं बोलू न देणारा झोन ऑफ ट्रुथ टाकला की सगळं रहस्य पाच मिनिटात खलास. हा स्पेल बंद करू का?
– वैतागलेला डीएम

बंद नका करू हो, प्लेअरने ते कॅरेक्टर घेतलंय ते असं काहीतरी करता यावं म्हणूनच. स्पेलचं वर्णन मात्र एकदा शांतपणे वाचा. डी अँड डीच्या पाचव्या एडिशनमध्ये झोन ऑफ ट्रुथमध्ये सापडलेला, म्हणजे सेव्ह (स्पेलपासून वाचायचा रोल) फेल झालेला माणूस जाणूनबुजून खोटं बोलू शकत नाही, एवढंच. त्याला स्पेल लागू झालाय हे त्याला माहीत असतं, तो गप्प बसू शकतो, प्रश्न टाळू शकतो, अर्धवट खरं बोलू शकतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, जो स्वतःच्या समजुतीत खरं बोलतोय त्याला हा स्पेल अडवतच नाही. नदीकाठची पोरं त्यात उभी करा, ती छातीठोकपणे सांगतील की आम्ही आत्मा पाहिला! म्हणूनच मी पहिल्या पत्रात एवढं सांगत होते, की अफवा बहुतेक वेळा चुकीच्या समजुतीतून आलेली ठेवा, खोटेपणातून कमी.

प्रेताला बोलतं करणाऱ्या स्पीक विथ डेड या स्पेलचंही तसंच. प्रेत पाच प्रश्नांची उत्तरं देतं, थोडक्यात आणि बऱ्याचदा कोड्यात, आणि जिवंतपणी जेवढं माहीत होतं तेवढंच. मागून वार झाला असेल तर मारणारा कोण हे त्याला कुठून माहीत असणार? तुम्हाला शत्रू मानत असेल तर खरं सांगायचं बंधनही त्याच्यावर नाही. रहस्य लिहितानाच क्लेरिक हे दोन्ही वापरणार असं धरून चाला. मग 'कुणी केलं' हे लवकर कळलं तरी बिघडत नाही, कारण खरा पेच 'आता याचं करायचं काय' हा असतो. मुलगा कबूल झाला, पीठ देतोय म्हणाला, कारकून दाराशी उभा आहे, भाऊ रानात उपाशी आहे. आता बोला, पार्टी कुणाच्या बाजूने?

प्लेअर्सनी लावलेला तर्क माझ्या उत्तरापेक्षा भारी असेल तर उत्तर बदलू का?
– एक वाचक

यावर दोन मतं आहेत, माझं सांगते. पार्टीने क्लू जोडून, डोकं खाजवून एका निष्कर्षावर पोचायचं असा खेळ ठरला असेल तर 'कुणी केलं' हे बदलू नका, कारण मग त्यांनी आधी गोळा केलेल्या क्लूंना अर्थ राहत नाही, आणि कधी ना कधी त्यांना ते जाणवतंच. पण 'का केलं', 'अजून कोण सामील होतं', 'पुढे काय होणार' यात त्यांची कल्पना बिनधास्त घ्या. काही गेम्समध्ये तर आधीपासून उत्तर नसतंच, प्लेअर्स मिळून तर्क मांडतात आणि तो बरोबर का चूक हे फासा ठरवतो, तेही सुंदर चालतं, फक्त तसं खेळतोय हे टेबलावर सगळ्यांना आधी माहीत हवं.

पार्टीने रहस्य अर्धवट सोडलं आणि निघून गेली. मी तीन आठवडे तयारी केली होती. आता ते मेन प्लॉटला जोडून परत समोर आणू का?
– निराश झालेली

तीन आठवडे म्हणजे खूपच गं, वाईट वाटणारच. पण प्रत्येक वाट शेवटी त्याच राक्षसाकडे जाते असं झालं की प्लेअर्सना जग लहान वाटायला लागतं. काही गोष्टी फक्त त्या गावाच्याच असू देत.

पण पार्टी गेली म्हणून गावातला काळ थांबत नाही. इथे मला घड्याळं फार कामाला येतात, २०१० च्या अ‍ॅपोकॅलिप्स वर्ल्ड या गेममध्ये ती आहेत आणि २०१७ च्या ब्लेड्स इन द डार्कमध्ये तर जागोजागी आहेत. कागदावर एक गोल काढायचा, त्याचे चार किंवा सहा भाग करायचे, आणि वेळ जाईल तसा एकेक भाग रंगवायचा. माझ्या गिरणीचं घड्याळ चार भागांचं असेल. पहिला भरला की कारकून वरती पत्र पाठवतो, दुसरा भरला की सैनिक येतात, तिसऱ्याला रान पेटवलं जातं, चौथ्याला मुलगा पकडला जातो. पार्टी दोन गावं पुढे असताना वाटेत एक व्यापारी भेटेल, म्हणेल, अहो त्या गिरणीच्या गावात रान जळालं म्हणे, भुताने सूड घेतला. ती परत एक अफवाच, आणि चुकीचीच, पण आता पार्टीला त्यातलं अर्धं खरं माहीत आहे. मी हे वापरलं तेव्हा टेबलावर क्षणभर कोणी काही बोललंच नाही, मग एकजण म्हणाला, परत जाऊया.

नाही गेले तरी तुझी तयारी वाया जात नाही. तोच पकडलेला मुलगा पुढे कधीतरी कैद्यांच्या गाडीत दिसू शकतो.

एका वेळी अशी किती रहस्यं चालू ठेवावीत? आणि प्लेअर्स विसरतात त्याचं काय?
– एक वाचक

उघडी तीनच्या वर नकोत, माझा अनुभव असा आहे. आणि आठवड्यातून एकदा भेटणारी माणसं विसरणारच, त्यांच्या कॅरेक्टरसाठी ती कालचीच गोष्ट असली तरी. सेशन सुरू होताना "मागच्या वेळी काय काय ऐकलं होतं?" असं त्यांनाच विचारा, तुम्ही सांगू नका. जे त्यांना आठवलं ते त्यांना आवडलंय, त्या रात्री तिकडेच वळा. जे कुणालाच आठवलं नाही त्याचं घड्याळ एक भाग पुढे सरकवा आणि वही मिटा.